गंजलेला पत्रा आणि जुनी मोटार

मंडळी, पावसाळा सरला की आपण घराची कौले तपासतो, नांगराचा फाळ पुसून आढ्याला टांगतो, कणगीखालची ओल पाहतो. पण पडवीत किंवा मांडवाखाली उभी असलेली जुनी मोटार मात्र तशीच राहते. मग एके दिवशी दाराच्या खालच्या कडेला रंगाचा बारीकसा फोड दिसतो. नखाने टोकरला तर रंगाची खपली निघते, तांबडा भुगा पडतो आणि आत बोट जाईल एवढे भोक! “काल तर काहीच नव्हतं,” असे आपण म्हणतो. वास्तविक ते भोक दोन-तीन वर्षांपासून तयार होत होते. दुखणे हत्तीच्या पायाने येते म्हणतात. गंज मात्र मुंगीच्या पायाने येतो.

हा गंज येतो तरी कसा? लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही मिळाले की गंज चढतो. एकच मिळून भागत नाही. शाळेतल्या गुरुजींना हे मुलांना सहज दाखवता येईल. चार बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत एकेक स्वच्छ खिळा टाका. पहिलीत साधे पाणी घाला, पण खिळा अर्धा वर राहू द्या. दुसरीत उकळून निववलेले पाणी काठोकाठ घालून वर तेलाचा थर सोडा. तिसरी कोरडी ठेवा, आत प्रयोगशाळेतले निर्जल कॅल्शियम क्लोराइड टाका आणि बूच घट्ट लावा. चौथीत मिठाचे पाणी घाला व तिथेही खिळा अर्धा वर ठेवा. आठवड्याने पाहा. दुसरी आणि तिसरी जवळजवळ जशीच्या तशी असतील. पहिलीतला खिळा तांबडा झालेला असेल आणि चौथीत गंजाचा गाळ साचू लागलेला असेल. मिठाने पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोपा होतो आणि लोखंड झपाट्याने झिजते. रत्नागिरी-मालवणकडची गाडी सोलापूरकडच्या गाडीच्या आधी का सडते, याचे उत्तर त्या चौथ्या बाटलीत आहे.

दिल्लीत मेहरौलीला सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त आहे. त्यामुळे वर एक घट्ट साय धरली आणि तीच त्याचे कवच झाली. आपल्या मोटारीच्या पत्र्याला तसे भाग्य नाही. त्याचा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खातच राहतो. शिवाय मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून रंग फुगतो. फोड दिसला की समजावे, काम आतून बरेच पुढे गेले आहे.

आता तो पत्रा केवढासा असतो? साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड. तो कुठे सडतो? जिथे चिखल आणि ओल अडकते तिथे. मडगार्डच्या आतल्या कडा, दारांचा तळ, डिकीचा तळ, पायाखालची जमीन आणि दाराखालचा पोकळ उंबरठा. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दाराचा हौद होतो. गाडीतून खताची पोती किंवा खारवलेल्या मासळीच्या टोपल्या नेत असाल तर सांडलेले खत आणि खारे पाणी सतरंजीखाली मुरते. वरून सतरंजी छान दिसते, खाली चाळण झालेली असते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जीपसारख्या गाडीला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर सांगाडा बसवलेला असतो. अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची गोष्ट वेगळी. उत्तरपाड्याला अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण गावोगावी ती अजून दिसते. तिला वेगळी चासी नाही. जमीन, उंबरठे, खांब आणि छत मिळूनच तिचा कणा. मडगार्डला भोक पडले तर गाडी विद्रूप होते. उंबरठा सडला तर तिचा कणाच वाकतो. अपघातात आतल्या माणसाला वाचवणारे तेच पत्रे असतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जमिनीला भोके असतील आणि खालची सायलेन्सरची नळीही फुटकी असेल, तर धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मग झोप येते. काचा लावून रात्रीचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाला ही झोप महागात पडेल.

तेव्हा पहिले काम परीक्षेचे. सतरंजी काढा, गाडी खालून धुवा, एक दिवस सुकू द्या. मग स्क्रूड्रायव्हरचे टोक घेऊन संशयाच्या जागी जरा जोराने दाबा. चांगला पत्रा टणक लागतो आणि ठणठणीत वाजतो. सडलेला बोदा वाजतो, टोक आत जाते. खडूने खूण करत चला. गाडी जॅकवर उचलून केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. भक्कम घोडे लावा.

खुणा झाल्या की दोन वाट्या करा. उंबरठा, जमिनीच्या कडा, पाटे बसतात ती जागा, बैठकीचे आणि पट्ट्याचे बोल्ट जिथे आहेत ती जागा हे सारे जाणत्या मिस्त्रीकडून वेल्डिंग करूनच घ्यावे. मडगार्डची कड, दाराचा बाहेरचा तळ, डिकीचा कोपरा ही कामे हात बसलेला माणूस घरीही करू शकेल.

काम कसे करायचे? आधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे आणि नाकाला फडके नव्हे तर धुळीचा मुखवटा लावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि मुलांना लांब ठेवा. तारेच्या ब्रशाने आणि ८० नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. भोक चवलीएवढे होते ते बशीएवढे होईल. घाबरू नका. ते तेवढेच होते, आता फक्त दिसले. सडलेला भाग पत्र्याच्या कात्रीने कापून टाका. कापताना कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते. बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे तयार औषध लावा आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे सुकू द्या.

आता ठिगळ. शिंपी आधी कागद बेततो तसा पुठ्ठा बेता. भोकापेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा, आणि मूळ पत्र्याच्याच जाडीचा तुकडा कापा. हातोडीने मूळ वळण द्या. वेल्डिंगवाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढत निघाला तर त्याला थांबवा. पातळ पत्रा तापला की पापडासारखा वाकतो. समोरासमोर एकेक टाका, मध्ये थंड होऊ देणे, पुन्हा टाका, अशीच पद्धत हवी. जाड कामाच्या साध्या वेल्डिंगने पातळ पत्र्याला नवीच भोके पडतात. वायूच्या आवरणातले तारेचे वेल्डिंग इथे बरे. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका. रिकामी टाकीही वाफेने भरलेली असते. आतला नमदा, गादी, सतरंजी काढा. पाणी आणि वाळू जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आत धुमसत राहिलेला नमदा मागाहून पेट घेतो.

जिथे जोर येत नाही अशा मडगार्डच्या भोकाला आतून काचतंतूचे कापड आणि राळ लावूनही चालते. पण ते झाकण झाले, बळ नव्हे.

उघडे लोखंड रात्रभर ठेवू नका. दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. त्याच दिवशी प्रायमर मारा, सांध्यांत सीलर भरा. मग उंचसखल भाग सारखा करण्यापुरती लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. वर पुन्हा प्रायमर आणि रंग. शेवटी पोकळ उंबरठ्यात आणि दारांत मेणाचे औषध फवारा. पण पाणी जायची भोके मोकळीच राहू द्या.

या लांबीबद्दल एक शब्द बोललेच पाहिजे. भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, वर लांबी थापायची आणि रंग मारायचा, असे काम एका दुपारी होते आणि स्वस्तही पडते. पण लांबी ओल शोषते, मागचा गंज चालूच राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात सगळी खपली भोकासकट गळून पडते. वरून कीर्तन, आतून तमाशा! जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच खिशात साधा लोहचुंबक ठेवा. पातळ कापडात गुंडाळून दारांच्या तळावरून आणि मडगार्डवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा त्या चुंबकाचे ऐका.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी. त्या वेळी गाडीची तपासणी होतेच. पण तपासणीसाठी म्हणून नव्हे, मागच्या बैठकीवर आपली माणसे बसतात म्हणून पत्रा पाहावा. दोन्ही उंबरठे आणि जमीन सडली असेल, तर खर्चाचा हिशेब करून गाडी मोडीत काढणे हेही शहाणपणच आहे.

नाहीतर दिवाळीच्या आधी एक सकाळ काढा. गाडी खालून धुवा, दारांच्या तळाची भोके काडीने मोकळी करा, जिथे रंगाचा टवका उडाला असेल तिथे प्रायमरचा हात फिरवा. एवढे दर वर्षी केलेत, तर ठिगळ बेतायची पाळीच उशिरा येईल.