चाळीसचे पाच कसे झाले?

आज आम्ही आमच्याच बचत गटाची एक चूक सांगणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, थोडी आकडेमोड आहे.

आमच्या गटाने फायबरचं इंटरनेट घेतलं. चौकशी करून, फॉर्म भरून जोडणी आणली ती सचिवताईंनी. दरपत्रकावर वेग होता 40 एमबीपीएस. पण फाइल उतरवून घेताना संगणकावर आकडा दिसायचा 5. चाळीसचे पैसे आणि पाचचा वेग! बैठकीत कुजबुज सुरू झाली. "हलकी लाइन आणली, मग वरचे पैसे गेले कुठं?" असं कुणीतरी बोललंच. ताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. आम्ही बिल भरलं नाही, लाइन बंद पडली, आणि बँकेत कर्जाचा प्रस्ताव द्यायला चार दिवस उरले होते.

गटातल्या एकीची लेक नारायणगावला कॉलेजात शिकते. तिने कागद मागितला आणि विचारलं, "मावशी, एका पायलीचे शेर किती?" आम्ही म्हटलं, चार. "मग घरात चार शेर ज्वारी मोजली आणि दुकानदाराने एक पायली सांगितली, तर तो चोर का?"

इथंही मापंच दोन होती. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचं माप बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. चाळीसला आठाने भागा, पाच येतात. इंग्रजीत लहान लिपीतला बी म्हणजे बिट, मोठ्या लिपीतला बी म्हणजे बाइट. एवढ्याशा अक्षरापायी आम्ही आमच्याच बाईवर संशय घेतला.

मग आम्ही विचारलं, पूर्वीच्या टेलिफोनच्या तारेपेक्षा हे फायबर किती मोठं? तिने पायरी-पायरीने सांगितलं.

डिजिटल टेलिफोनमध्ये आपल्या आवाजाचं माप सेकंदाला 8,000 वेळा घेतात आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितात. 8,000 गुणिले 8 म्हणजे 64,000 बिट. एका बोलण्याला 64 केबीपीएस लागतात. हा झाला आपला शेर.

असे 32 भाग एकत्र केले की आपल्या देशातली जुनी ई-वन लाइन होते. 64 गुणिले 32 म्हणजे 2,048 केबीपीएस, म्हणून तिला 'दोन एमबीची लाइन' म्हणत. त्यातले 30 भाग बोलण्याचे. एक भाग ताल जुळवायला आणि एक फोन कुणाला लावायचा, कधी तोडायचा या निरोपांना. अमेरिकेत 24 भागांची टी-वन लाइन असे, 1.544 एमबीपीएसची.

फायबरची मापं वेगळी. तिथं मूळ माप ओसी-वन, 51.84 एमबीपीएस. ओसीपुढे जो आकडा असेल त्याने 51.84 ला गुणायचं. ओसी-थ्री म्हणजे 155.52. आपल्याकडे त्याच वेगाला एसटीएम-वन म्हणतात. ओसीच्या आकड्याला तिनाने भागलं की एसटीएमचा आकडा मिळतो. ओसी-बारा म्हणजे एसटीएम-फोर, 622.08 एमबीपीएस.

आता एसटीएम-वनमध्ये ई-वन किती मावतात? आम्ही लगेच 155.52 ला 2.048 ने भागलं, 75 च्या वर आलं. उत्तर चुकलं! मावतात 63. टोमॅटोचा टेम्पो आठवा. टेम्पोच्या वजनक्षमतेला क्रेटच्या वजनाने भागून हिशोब जमत नाही. क्रेटचंही वजन असतं, रचण्यात जागा जाते. तसंच प्रत्येक ई-वनभोवती वेष्टण आणि पत्त्याची चिठ्ठी असते. तरीही 63 गुणिले 30, म्हणजे 1,890 बोलणी केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून एकाच वेळी जातात.

फायबर आपल्या भागाला नवं नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मधल्या केंद्राशी फायबरनेच जोडलेल्या आहेत.

आता रोजच्या कामाचा हिशोब. 60 मेगाबाइटची फाइल म्हणजे 480 मेगाबिट. आमच्या 40 च्या लाइनवर ती 12 सेकंदांत यावी. जुन्या ई-वनवर सुमारे चार मिनिटं लागतील. आणि एका बोलण्याच्या 64 केबीपीएसवर? दोन तास पाच मिनिटं!

तुम्हीही एक गणित करा. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीला किमान 100 एमबीपीएस द्यायचं ठरलं आहे. सेकंदाला मेगाबाइट किती? साडेबारा. आणि ती लाइन शाळा, दवाखाना, कार्यालय सगळे मिळून वापरणार असतील तर वाटणी होणारच.

तेव्हा जोडणी घेताना तीन गोष्टी विचारा. वेग बिटमध्ये की बाइटमध्ये? उतरवण्याचा आणि पाठवण्याचा वेग सारखाच का? लाइन आपल्या एकट्याची की वाटणीची? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आम्ही सगळ्याजणी सचिवताईंच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. बिल भरलं, लाइन सुरू झाली, प्रस्ताव शेवटच्या दिवशी गेला. ताई आता बैठकीला येतात, पण त्या दोन बैठकांची रिकामी जागा आम्हाला अजून दिसते.

आपल्या नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिका राणीच्या लेखात दानाच्या गाई आणि नाणी आकड्यांत कोरलेली आहेत. हिशोब आपल्या मातीत जुना आहे. बोट दाखवण्याआधी तो एकदा मांडून बघा.