पोट भरतं, पण ताकद का राहत नाही? म्हाताऱ्या माणसांच्या ताटाचा हिशेब

मावला (जि. आदिलाबाद) : घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जेवण कसं आहे असं विचारलं, की "दोन्ही वेळा भात खातात, काही तक्रार नाही" असं उत्तर मिळतं. तरीही बांगड्या सैल होतात, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो आणि घरचे "वय झालं" म्हणून विषय सोडून देतात. यात वयाचा भाग आहेच, पण ताटाचाही आहे.

ज्वारी गेली, भात आला

राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचं मावला असो की पैनगंगेपलीकडचं पांढरकवडा, या पट्ट्यातलं जुनं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर (तेलुगू शेजाऱ्यांची जोन्ना रोट्टे), तुरीचं वरण आणि भाजी. पुढे शेतात कापूस आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली. तेलंगणात रेशनवर माणशी महिना ६ किलो तांदूळ फुकट मिळतो, २०२५ च्या उगादीपासून तोही बारीक. दात नसलेल्याला मऊ भात सोपा जातो. त्यामुळे अनेकांच्या ताटात भात, पातळ वरण आणि लोणचं एवढंच उरतं.

हिशेब काय सांगतो?

६ किलो म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ. त्यातून साधारण १६ ग्रॅम प्रथिनं (प्रोटीन) मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे ४२ ग्रॅम. म्हातारपणी यापेक्षा थोडी जास्त लागतात, असं बरेच तज्ज्ञ सांगतात, कारण वयाबरोबर स्नायू झिजत जातात. प्रथिनं कमी पडली की ही झीज वाढते, पायातला जोर जातो आणि माणूस पडण्याची भीती वाढते.

हे भरून काढायला महागडी पावडर लागत नाही. अर्धा तांदूळ, अर्धी ज्वारी घेतली तर १८ ग्रॅम, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम तूरडाळीचे ११, एका अंड्याचे ६ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांचे ७. झाले ४२. अंडं चालत नसेल तर मोठी वाटीभर दही घ्यावं. पॉलिशच्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह जवळपास सहापट आणि तंतू तिपटीहून जास्त असतात. त्यामुळे पोट साफ व्हायलाही मदत होते.

दात नाहीत, मग?

भाकर वरणात कुस्करून काला करावा. ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक घालावं किंवा आंबील करावी. शेंगदाण्याचा कूट भाजीत घालावा. वरण घट्ट ठेवावं, नुसतं वरचं पाणी वाढू नये. एका वेळी जास्त जात नसेल तर दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं.

जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवावं. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने द्यावं. बीपी असेल तर लोणचं-पापड कमी करावं, दिवसभराचं मीठ चमचाभराच्या आत ठेवावं. शुगरवाल्यांनीही "ज्वारी आहे" म्हणून हवी तेवढी खाऊ नये. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासून घ्यावं. किडनीचा आजार असेल तर डाळ-अंडी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दवाखान्यात कधी न्यायचं?

महिन्यातून एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. काही न करता सहा महिन्यांत ५० किलोचं वजन अडीच किलोने उतरलं, घास गिळताना त्रास होऊ लागला किंवा हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, तर वाट पाहू नये. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवावं. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि वजनाची नोंद सोबत न्यावी. वजन कधीपासून उतरतंय, हे डॉक्टर आधी विचारतात.