पाचशेचे बक्षीस आणि घरचा जमाखर्च

"कार्ड घ्या, पाचशे रुपयांचे व्हाउचर मिळवा, पहिले वर्ष फी नाही." असे फोन आता कोयनानगरच्या वसाहतीतही येतात. पगार बँकेत जमा होणाऱ्या माणसाचा नंबर या मंडळींना कोठून तरी मिळतोच. एके काळी क्रेडिट कार्ड म्हणजे मुंबईच्या साहेब लोकांची चीज. सेंट्रल बँकेने १९८० साली आपले कार्ड काढले, तेव्हा आपल्या वस्तीत बचत खाते असलेले घरही शोधावे लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. कार्ड आता दारात आले आहे, तेव्हा त्याचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

काही तरुण मुले एकामागून एक कार्डे काढतात, पहिल्या खरेदीवरचे बक्षीस घेतात आणि पुढच्या बँकेकडे वळतात. यात बेकायदा काही नाही. पण बँक धर्मादाय संस्था नव्हे. बक्षिसाचा पैसा येतो दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनातून, वार्षिक फीमधून आणि जे वेळेवर पूर्ण बिल भरत नाहीत त्यांच्या व्याजातून. म्हणजे पूर्ण बिल भरणाऱ्याचे बक्षीस बऱ्याच अंशी थकलेला भरतो. आपले घर या दोहोंपैकी कोणत्या बाजूला आहे, हे फोनवरची गोड बोलणारी मुलगी सांगणार नाही. ते घरातच ठरवावे लागते.

कारकुनी करणाऱ्या माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, व्हाउचरसाठी आपण कार्डावर १०,००० रुपयांची खरेदी केली. बिलावर दोन आकडे येतात : एकूण देय १०,००० आणि किमान देय ५००. बहुतेक जण फसतात ते या दुसऱ्या आकड्याला. किमान रक्कम भरली म्हणजे दंड टळतो, व्याज टळत नाही. आणि ते व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून लागते. दरमहा साडेतीन टक्के हा अनेक कार्डांचा दर आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. उरलेल्या ९,५०० रुपयांवर ४५ दिवसांचे व्याज सुमारे ४९२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८८ रुपये. झाले ५८०. व्हाउचर दीड महिन्यात गेले, वर ८० रुपये घरचे गेले आणि कर्ज जवळजवळ होते तिथेच!

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले तर शासनाने २०१४ साली ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के. सावकाराला आपण नावे ठेवतो, आणि ४२ टक्के घेणाऱ्याचे कार्ड पाकिटात मिरवतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. बँका वर गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा ३० टक्क्यांची ती मर्यादा आता राहिलेली नाही.

दुसरी गोम "पहिले वर्ष फुकट" या शब्दांत आहे. बक्षीस हवे तर कार्ड चालू करावे लागते, एखादी खरेदी करावी लागते. नंतर ते ट्रंकेत पडते. दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये फी आणि त्यावरचा कर बिलात चढतो. बिल जाते ई-मेलवर, आणि तो ई-मेल भाच्याने कधी तरी उघडून दिलेला, त्याचा पासवर्डही कोणाला आठवत नाही. मग उशिराचा दंड आणि नावापुढे "थकबाकीदार" असा शेरा.

हा शेरा लहान नाही. प्रत्येक अर्जाची, प्रत्येक थकबाकीची नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे जाते. तिथे माणसाला ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात. चार महिन्यांत पाच कार्डांचे अर्ज केले, तर हा माणूस पैशासाठी धावतो आहे असा अर्थ काढला जातो आणि गुण उतरतात. उद्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला कऱ्हाडला गेलो, की तेथील साहेब आधी हाच आकडा पाहतो. आपल्या आजोबांना बँकेच्या दारात उभे करत नसत; आपल्याला तिथे खुर्ची मिळते ती पगाराच्या दाखल्यावर आणि या नोंदीवर. पाचशेच्या व्हाउचरसाठी ती नोंद खराब करणे मला तरी परवडणारे वाटत नाही. चार कंपन्या अशी नोंद ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून पाहावा.

आणखी एक प्रकार नात्यागोत्यातून होतो. मोबाईलवरच्या ॲपमधून कार्डे खपवली की मुलांना कार्डामागे पैसे मिळतात. बेकार मुलाने चार पैसे मिळवले तर वाईट वाटण्याचे कारण नाही. पण "मामा, तुम्ही फक्त आधार-पॅन द्या आणि ओटीपी सांगा, बाकी मी बघतो" असे म्हटले की मामाला नाही म्हणवत नाही. कमिशन भाच्याचे, कार्ड आणि देणे मात्र मामाच्या नावावर. अर्ज स्वतः वाचा, निदान मुलीकडून वाचून घ्या. रोजंदारीवरच्या किंवा कंत्राटी माणसाने या फंदात पडूच नये, कारण त्याचा पगार एक महिना लांबला की वर मांडलेला हिशेब सुरू होतो. ज्याचा पगार नियमित आहे, जो किराणा आणि विजेचे बिल एरवीही भरणारच आहे, त्याने एक कार्ड घेऊन तेवढ्यापुरते वापरले आणि पूर्ण बिल बँक खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सोय केली, तर बक्षीस खुशाल घ्यावे.

कार्ड बंद करायचे असेल तर लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बाकी नसलेले कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे. नाही झाले तर पुढे रोज ५०० रुपये ग्राहकाला देणे बँकेवर बंधनकारक आहे. न मागता कार्ड पाठवून पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट रक्कम द्यावी लागते. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.