सुटलेलं पोट की पोटातलं पाणी?

काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. पँट कमरेला घट्ट होत होती. घरचे म्हणत, 'सुख मानवलंय!' त्यांच्या पत्नीने मात्र एक गोष्ट बरोबर टिपली होती. पोट वाढत होतं, पण मनगटावरचं घड्याळ सैल होत चाललं होतं. तपासणीत पोटात पाणी आढळलं. निदान झालं लिव्हर सिऱ्हॉसिसचं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, यांनी दारूला कधी हातसुद्धा लावला नाही हो!"

दारू हे मोठं कारण आहेच. पण हेपॅटायटिस बी आणि सी, तसंच मधुमेह व लठ्ठपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी यांमुळेही हा आजार होतो. यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहते, व्रण साचतात आणि ते कडक, गाठाळ बनतं. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. मग पोटात पाणी साठतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात.

यकृत सोशिक असतं. सुरुवातीला फक्त थकवा येतो, भूक मंदावते. पुष्कळांना तेवढंही जाणवत नाही. पुढे पावलांवर सूज येते, दाबलं की खळगा पडतो. अंगाला खाज सुटते, जरा लागलं तरी काळंनिळं होतं. तळवे लालसर दिसतात, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा उमटतात. डोळे पिवळे होतातच असं नाही, आणि झाले तर काविळीची माळ घालून आठवडे घालवू नका.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी. किंवा माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, असं दिसलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. मनाने झोपेची गोळी देऊ नका.

मधुमेह असेल, वजन जास्त असेल, दारू नेहमीची असेल किंवा पूर्वी कधी रक्त घेतलं असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. हेपॅटायटिस सी तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो.

त्या गृहस्थांचं यकृत पूर्ववत झालं नाही. पण कमी मीठ, नियमित औषधं आणि वेळेवर तपासण्या यांच्या बळावर ते कामावर परतले. तेव्हा पँट घट्ट आणि घड्याळ सैल, असं एकाच वेळी होऊ लागलं, तर शिंप्याआधी डॉक्टरांकडे जा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)