तपासणीच्या दारातून शिरलेला परका हुकूम

कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ घडविण्याची जी मुक्तस्रोत साधने आज प्रचारात आहेत, त्यांपैकी ‘लँगफ्लो’मध्ये २०२५ साली उघडकीस आलेला दोष मला विशेष अभ्यसनीय वाटतो. लिहिलेला पायथॉन कोड निर्दोष आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी ठेवलेल्या मार्गावर आगंतुकाची ओळखच विचारली जात नसे. आणि पायथॉनचा स्वभाव असा, की फंक्शनची नुसती व्याख्या होतानाच त्याच्या डेकोरेटरमधील व डिफॉल्ट मूल्यांतील मजकूर अमलात येतो, त्यामुळे ते फंक्शन कधीही न चालविता, केवळ तपासणीच्या निमित्ताने, कोणाही परक्याचा हुकूम सर्व्हरवर बजावला जाई. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाने वाचता वाचताच त्याची अंमलबजावणी करून टाकावी, तसा हा प्रकार! तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी ९.८ इतक्या गंभीर ठरलेल्या या दोषाचा प्रत्यक्ष दुरुपयोग होत असल्याची नोंद अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी यंत्रणेने त्याच वर्षी मे महिन्यात केली. लँगफ्लोच्या १.३.० आवृत्तीत तपासणीच्या त्या मार्गावर ओळखपडताळणी आली. ज्यांच्याकडे त्यापूर्वीची आवृत्ती असेल, त्यांनी ती अविलंब बदलावी आणि असा सर्व्हर इंटरनेटवर कदापि उघडा ठेवू नये.