अवसेची रात्र आणि दिव्याचा मान

वर्षाकाठी येणाऱ्या अमावास्यांपैकी दोन अमावास्या आपल्या पूर्वजांनी दिव्यांच्या नावे लावून दिल्या आहेत. पहिली आषाढातली. त्या दिवशी समया, निरांजने, लामणदिवे माळ्यावरून खाली उतरतात, चिंचेने घासून लख्ख होतात आणि पाटावर ओळीने मांडले जातात. कणकेचे गोड दिवे उकडून त्यांना नैवेद्य होतो. वर्षभर देवापुढे जे जळले, त्यांनाच त्या एका दिवशी देवाचे आसन मिळते. दुसरी अमावास्या आश्विनातली, लक्ष्मीपूजनाची. पहिलीत दिव्यांची पूजा आणि दुसरीत दिव्यांनी पूजा, अशी ही वाटणी आहे.

या दुसऱ्या अमावास्येविषयी आम्हांस नेहमी एक कुतूहल वाटत आले आहे. लक्ष्मीला बोलवायचे तर पंधरा दिवसांपूर्वीची कोजागरी काय वाईट होती? आकाश निवळलेले, चांदणे दुधासारखे, वाट स्पष्ट दिसणारी. कोजागरीलाही लक्ष्मी फिरते, कोण जागे आहे म्हणून विचारते, अशी श्रद्धा आहेच. तरीही तिच्या मुख्य पूजेसाठी शास्त्रकारांनी चंद्र मुळीच नसलेली रात्र निवडली आणि तीही प्रदोषकाळी, म्हणजे सूर्य नुकताच बुडालेला असताना. आकाशातील दोन्ही मोठे दिवे नाहीसे झाल्यावर माणसाने मातीची पणती उंबऱ्यावर ठेवावी, हा त्या योजनेचा अर्थ असावा असे आम्ही समजतो. पौर्णिमेच्या चांदण्यात पणतीला कोणी विचारले नसते.

अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे पाप, ही शिकवण आपणांस नवी नाही. बृहदारण्यक उपनिषदात अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना आहे. ज्ञानेश्वरमाउलींनीही पसायदानात पापाचा काळोख जावा असेच मागितले. पण त्याच परंपरेत रात्रीकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे आणि तिचा आपणांस विसर पडत चालला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२७ वे सूक्त हे रात्रीसूक्त होय. त्यात रात्र ही देवी आहे, उषेची बहीण आहे. ती आली की माणसे, पशू, पाखरे आपापल्या ठिकाणी विसावतात. लांडग्यापासून आणि चोरापासून आमचे रक्षण कर, अशी तिला विनवणी आहे. विशेष म्हणजे ही रात्र आपल्या ताऱ्यांच्या तेजाने अंधाराला स्वतःच मागे सारते. रात्र आणि अंधार ही दोन निराळी आहेत, हे त्या ऋषींनी जाणले होते. सप्तशतीच्या पाठापूर्वी आजही अनेक घरांत रात्रीसूक्त म्हटले जाते.

आपले देवही रात्रीचे सोबती आहेत. कृष्णजन्म मध्यरात्रीचा, शिवरात्र नावाप्रमाणेच रात्रीची, आणि नवरात्र तर नऊ रात्रींचे. अंबाबाईचा गोंधळ दिवटीच्या उजेडात उभा राहतो. कोकणातले दशावतारी खेळ रात्रभर चालत आणि पहाटेच्या गारव्यात प्रेक्षक घरी परतत. गोव्यात नरक चतुर्दशीला नरकासुराचे पुतळे जाळतात, तेही उजाडण्याआधी. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीच झाले पाहिजे, हा दंडक आजही अनेक घरांत पाळला जातो. त्या पहाटेची थंडी, उटण्याचा वास आणि न्हाणीघराच्या कोनाड्यातली मिणमिणती पणती ज्यांनी लहानपणी अनुभवली, त्यांच्या मनात दिवाळी म्हटली की तो पहाटेचा काळोखच उभा राहतो.

दिव्याशी वागण्याची एक रीत होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, शुभंकरोति म्हणायचे, केर काढायचा नाही. दिवा विझला असे तोंडातून निघू द्यायचे नाही. दिवा शांत झाला म्हणायचे. ज्योतीवर फुंकर घालायची नाही, कारण तोंडचा वारा उष्टा. (वाढदिवसाला फुंकरीने मेणबत्त्या विझवणाऱ्या नातवाकडे आजी ज्या नजरेने पाहते, तिचे मूळ येथे आहे. तीच आजी मग त्याला निरांजनाने ओवाळून हिशेब पुरा करते.) धनत्रयोदशीला यमासाठी लावायचा कणकेचा दिवा तेवढा दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा, एरवी ती दिशा दिव्याला वर्ज्य. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा चढवायचा, देवांसाठी आणि पितरांसाठी. आज ज्याला आपण आकाशकंदील म्हणून हौसेने गॅलरीत टांगतो, त्याचे हे मूळचे प्रयोजन होय.

या साऱ्या रीतीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. दिव्याला माणूस लागतो. तेल संपत आले की घालावे लागते, वात पुढे सारावी लागते, काजळी झाडावी लागते. नंदादीप अखंड ठेवायचा तर घरातले कोणी ना कोणी रात्री उठून पाहून येते. त्याचा उजेडही मापाचा असतो. समईचा प्रकाश देव्हाऱ्यापुरता, कंदिलाचा ओटीपुरता. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारे ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले होते. त्यांच्या प्रकाशवर्तुळात सारे घर जवळ जवळ बसे, कारण बाहेर सरकले की अंधार सुरू होई. गोष्ट सांगायला त्याहून चांगली जागा नव्हती.

मग वीज आली. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये वायूचे दिवे लागले होते. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९६० नंतरच्या दशकात कोयनेची वीज आली. हा इतिहास अभिमानाचा आहे आणि त्याविषयी कुरकुर करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास केलेल्या पिढीला विजेचे मोल कोणी सांगायला नको. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला रात्रीच वीज मिळते आणि जो साप-विंचवाच्या, बिबट्याच्या भीतीने एका हातात काठी व दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो, त्याच्यापुढे काळोखाचे गोडवे गाणे हा अधर्मच होईल. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी न्याय्य आहे. १९७१ च्या डिसेंबरातला युद्धाचा काळोखही अनेकांच्या स्मरणात असेल. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग आणि भोंग्याकडे लागलेले कान. तो अंधार कोणालाही पुन्हा नको.

आम्हांस चिंता आहे ती निराळीच. भयाचा अंधार जाताना विसाव्याचा अंधारही गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक कृत्रिम उजेडाने मळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. समुद्रकाठच्या वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर जन्मणारी कासवाची पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने पाण्याकडे धावतात. गावाकडून दिव्यांचा झोत आला तर ती उलट दिशेने भरकटतात. सह्याद्रीतले काजवे पाहायला माणसे मे-जूनमध्ये गर्दी करतात आणि मोटारींचे प्रखर दिवे घेऊन जातात, याला काय म्हणावे? अंधार राखण्यासाठी आता सरकारी प्रयत्न लागतात. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ऋषींनी जी रात्र देवी म्हणून पुजली, तिच्यासाठी आता राखीव रान लागते.

देवळांत हा बदल अधिक जाणवतो. कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णाकाठी खिद्रापूरचे कोपेश्वराचे मंदिर आहे. तेथे प्रथम स्वर्गमंडप लागतो. त्याच्या छताला मधोमध मोठे वर्तुळाकार मोकळे आकाश आहे. तेथून आत सभामंडप, तेथे उजेड निम्म्यावर येतो. मग अंतराळ आणि शेवटी गर्भगृहाचा गडद काळोख. एकेक पायरीने प्रकाश कमी करीत नेण्याची ही रचना निव्वळ शोभेसाठी केली असेल असे आम्हांस वाटत नाही. माणसाचा डोळा उन्हातून अंधारात आला की पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. जुना भाविक प्रदक्षिणा घालीत, खांबाला टेकून बसत, नाम घेत हळूहळू आत जाई. तोवर त्याचे डोळे तयार होत आणि एका समईच्या उजेडात पिंडी, तिच्यावरचे बेल, पाण्याचा थेंब, सारे त्याला दिसे. ‘दर्शन’ या शब्दाला असा वेळ लागत असे. आज किती तरी गाभाऱ्यांत पांढऱ्या प्रखर नळ्या आणि रंगीत माळा लागल्या आहेत. रांग पुढे सरकते, क्षणात सर्व दिसते आणि क्षणात बाहेर. सुरक्षिततेसाठी दिवे हवेत हे मान्य. पायऱ्यांवर, रांगेत, प्रदक्षिणामार्गावर जरूर असावेत. पण गाभाऱ्यातली समई त्या झगझगाटात तेवत असूनही दिसेनाशी होते, तेव्हा तिच्या तेलासाठी पैसे देणाऱ्या भाविकाने कशाला नमस्कार करायचा? विश्वस्त मंडळींनी यावर विचार करावा, एवढीच आमची नम्र सूचना आहे. निदान शेजारती आणि काकडआरतीच्या वेळी तरी विजेचे दिवे मालवता येतील.

घरच्यासाठी मात्र कोणाची परवानगी लागत नाही. यंदा लक्ष्मीपूजनाची आरती झाल्यावर, फराळाची ताटे मांडण्याआधी, अर्धा तास घरातली वीज बंद करून पाहावी. मुले प्रथम कुरकुरतील, मग पणत्या मोजू लागतील. वाऱ्याने एखादी शांत झाली तर शेजारच्या पणतीवरून ती पुन्हा कशी लावायची, हे त्यांना हाती धरून दाखवता येईल. मध्यरात्रीनंतर सूप वाजवून, केरसुणीने केर काढून अलक्ष्मीला निरोप देण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना अंधाराची ही ओळख जुनीच आहे.

ज्यांना गच्ची वा अंगण आहे त्यांनी फटाक्यांचा धूर निवळल्यावर, किंवा एखाद्या दिवसाने गावी गेल्यावर, रात्री नऊच्या सुमारास वर पाहावे. वायव्येला अभिजित मावळतीकडे झुकलेली असते. पूर्वेला कृत्तिकांचा लहानसा पुंजका वर येऊ लागलेला दिसतो. आपल्या पुढच्या महिन्याचे कार्तिक हे नाव त्यांच्यावरूनच पडले, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी येतो. ती त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री देवळांपुढच्या दीपमाळांवर खालपासून वरपर्यंत पणत्या चढतात आणि खिद्रापूरला स्वर्गमंडपाच्या त्या गोल आकाशातून चंद्राचा उजेड थेट खालच्या शिळेवर उतरतो.