नाईलची चिंचोळी वाट

व्हिक्टोरिया सरोवरातून निघालेली नाईल युगांडाच्या वायव्येला येते ती ऐसपैस पात्र घेऊन. मग मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात कातळ तिला दोन्हीकडून आवळतो. जेमतेम ७ मीटर रुंदीच्या फटीतून बहुतेक सगळी नदी घुसते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. उंचीने याहून मोठे धबधबे पुष्कळ आहेत. इतकं पाणी इतक्या अरुंद जागेतून जाताना मात्र क्वचितच दिसतं. काठावर उभं राहिलं की पायाखालचा खडक थरथरतो.

सहलींच्या कार्यक्रमात धबधबा आणि प्राणी वेगवेगळ्या दिवशी असतात. मला ते पटत नाही, कारण इथलं बरंचसं जीवन धबधब्यानेच घडवलं आहे. नाईल पर्च हा दांडगा मासा खालच्या अल्बर्ट सरोवरातला. ही भिंत चढणं त्याला कधीच जमलं नाही, म्हणून व्हिक्टोरिया सरोवरात तो नव्हता. १९५०च्या दशकात माणसाने तो तिथे सोडला आणि त्या सरोवरातल्या स्थानिक माशांच्या कितीतरी जाती संपल्या. धबधब्यावरून आदळून अर्धमेले झालेले मासे खाली वाहत येतात. त्यांच्यासाठी मगरी टपून असतात.

म्हणून धबधब्याच्या खालच्या बाजूला असलेल्या पारा या ठिकाणाहून होडीनेच निघावं, प्रवाहाच्या उलट दिशेने. पाणघोड्यांचे कळप, पाण्यावर आलेले हत्ती, आणि काठाच्या मातीत बिळं करून राहणारे, आपल्या वेड्या राघूच्या कुळातले लाल गळ्याचे पक्षी. पुढे पाण्यावर फेसाचे पुंजके दिसू लागतात. प्रवाहाच्या जोरामुळे होडी धबधब्याच्या अलीकडेच थांबते. तिथून पायवाटेने माथ्यावर चढता येतं. दमछाक होते, पण ही चढण टाळू नका. जिराफ आणि कोब हरणं पाहायची तर उत्तर काठावरच्या गवताळ माळावर जावं.

धबधब्याला १८६४ साली सॅम्युअल बेकरने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अध्यक्षांचं नाव दिलं. ब्रिटिशांशी लढलेल्या बुन्योरोच्या राजाचं, कबालेगाचं, नाव इदी अमीनच्या काळात आलं. पुढे जुनंच परतलं. मला वाटतं, धबधब्याला कबालेगा हेच नाव अधिक शोभतं.

२०१९ मध्ये इथे वीजप्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या पर्यटन व्यावसायिकांनी जोरदार विरोध केला. आता उद्यानाच्या हद्दीतच तेलविहिरी खोदल्या जात आहेत. जायचं मनात असेल तर फार लांबणीवर टाकू नका. पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. तिचा दाखला युगांडात शिरताना लागतो आणि भारतात परततानाही.